पुन्हा विश्वास टाकायचा, पण किती?

"एकदा फसले, आता मन मोकळं करायचा धीरच होत नाही. जो आलाय तो चांगला आहे, मग माझंच काही चुकतंय का?" बेळगावात माझ्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. खानापूर तालुक्यातल्या एका तरुणीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

शहरात नोकरी, टिळकवाडीत भाड्याची खोली. साखरपुडा होऊन मोडलेला. मोडला यापेक्षा कसा मोडला, ते तिला जास्त लागलं होतं. वडिलांच्या दारूबद्दल तिनं होणाऱ्या नवऱ्याला विश्वासानं सांगितलं होतं. बैठकीत त्याच्या मामांनी तेच सगळ्यांसमोर काढलं आणि वडील मान खाली घालून बसून राहिले. त्यानंतर ती घरातलं कुणाशीच बोलली नाही. आता निपाणीचा एक सहकारी लग्नाचं विचारत होता. "काय झालं?" म्हणाला की हिचं ठरलेलं उत्तर, "काय नाही ओ."

मी आधी तिला सांगितलं की हे गप्प राहणं तुमचा दोष नव्हे. एवढ्या विश्वासानं सांगितलेलं उलटलं, तर कुणीही तोंड मिटून घेईल. पण विश्वास पूर्ण बसल्यावरच बोलेन म्हटलं, तर तो कधी बसतच नाही. थोडं सांगावं लागतं आणि समोरचा त्याचं काय करतो ते बघावं लागतं. 1997 मध्ये मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांच्या जोड्यांना हलक्यापासून खोल होत जाणारे 36 प्रश्न दिले. उत्तरं दोघांनी द्यायची. पाऊण तासात त्यांना नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा जास्त जवळीक वाटली. एकटीनंच सगळं ओतायचं नाही, हे मी त्यातून घेते.

वडिलांपासून सुरुवात नको, असं मीच म्हटलं. मंगल कार्यालयासमोरून जाताना पोटात गोळा येतो, एवढंच तिनं त्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला, "का मोडलं होतं?" ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही. "बघा मॅडम, मी म्हटलं नव्हतं?"

तो प्रश्न आगाऊ होता, पण त्यात दगा नव्हता. दुखावलेल्या मनाला हा फरक चटकन दिसत नाही. आमचा सगळ्यात जास्त वेळ यावरच गेला. शेवटी तिनं त्याला सरळ सांगितलं, की असं विचारलेलं मला लागलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. आणि बऱ्याच वेळानं स्वतःचं सांगितलं: बारावीत नापास झाला तेव्हा घरच्यांनी पाहुण्यांना तो आजारी असल्याचं सांगितलं होतं.

वडिलांचं तिनं काही महिन्यांनी सांगितलं. ते त्याच्या घरी पोचलं नाही. होकार अजून दिलेला नाही. दिवाळीपर्यंत थांब म्हणाली, तो थांबलाय.

तुमचं सांगितलेलं कुणी भांडणात काढत असेल, चारचौघांत हसण्यावारी नेत असेल, तर मात्र खुशाल मागे सरा. आणि जुन्या आठवणींनी झोप, जेवण, काम बिघडलं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर दिवसा-रात्री कधीही फोन करा.