आधी तुझी ट्रान्सक्रिप्ट वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझा ईमेल आणि सोबतची ट्रान्सक्रिप्ट (कॉलेजची गुणपत्रिका) दोन्ही नीट वाचली. मेडिकल कॉलेजांना एवढे अर्ज करून कुठूनच इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं नाही, याचं वाईट वाटणारच. पुढे काय शिकावं यासाठी तू तीन वाटा लिहिल्या आहेस: पब्लिक हेल्थचं मास्टर्स, मेडिकल कॉलेजशी जोडलेलं एक वर्षाचं स्पेशल मास्टर्स, किंवा जवळच्या विद्यापीठात सुटे कोर्स. सुटे कोर्स तू अगदी शेवटी, जरा संकोचूनच लिहिले आहेस. मला तोच मार्ग तुझ्यासाठी खरा वाटतो.

बाबा म्हणतात, ‘मास्टर्स करून टाक, अर्जाला वजन येईल.’ त्यांच्यावर रागावू नकोस. ते भारतात ज्या व्यवस्थेत शिकले तिथे बारावीच्या सुमाराच्या परीक्षेवर मेडिकलचा प्रवेश ठरायचा, आणि आजही तिथे ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षाच तो ठरवते. पदवीच्या दुसऱ्या वर्षी रसायनशास्त्रात किती मिळाले हे तिथे कुणी विचारत नाही. अमेरिकेत मात्र नेमकं तेच विचारतात.

आता हिशेब बघ. बहुतेक एमडी (इथली डॉक्टरकीची मूळ पदवी) कॉलेजांचे अर्ज एमकॅस या ज्या सामाईक अर्जसेवेमार्फत जातात, तिथे पदवीपातळीचा जीपीए (चारपैकी मोजलेली ग्रेडची सरासरी) वेगळा आणि मास्टर्सचा वेगळा मांडला जातो. मास्टर्समध्ये सगळीकडे ए मिळाला तरी पदवीचा ३.१ हा ३.१ च राहतो. पदवीनंतर घेतलेले पदवीपातळीचे कोर्स मात्र जुन्या आकड्यात मिसळतात. तुझी १२० क्रेडिट्स ३.१ ने झाली आहेत. त्यांत आणखी ३० क्रेडिट्स ४.० ने घातलीस तर एकूण ३.२८ होतं. फार नाही, मला कळतं. पण विज्ञान आणि गणिताचा जीपीए वेगळा काढतात, तिथे तुझी ६० क्रेडिट्स २.९ वर आहेत. त्याच ३० क्रेडिट्सनी तो ३.२७ वर जातो. शिवाय पदवीनंतरच्या कोर्सची ओळ अर्जात स्वतंत्र दिसते, आणि तिथे ४.० असेल तर वाचणारा थांबतो. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी ३.७ च्या वर असते. ती तू आता गाठू शकणार नाहीस, पण दुसऱ्या वर्षी कोसळलेली मुलगी आज कुठे उभी आहे हे दाखवू शकतेस.

प्रवेश समितीत बसून मी असे अर्ज वाचले आहेत. कमी जीपीए पाहिला की टेबलाभोवती एकच प्रश्न निघतो: पहिल्या वर्षाचा अभ्यासाचा लोंढा हिला झेपेल का? तुझा प्रत्येक कोर्स या प्रश्नाचं उत्तर असायला हवा.

म्हणून ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी प्लस पुन्हा गिरवत बसू नकोस. एमकॅस दोन्ही प्रयत्न मोजतं. डीओ (ऑस्टिओपॅथीची डॉक्टरकीची पदवी) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घ्यायचा, ती सोयही २०१७ मध्ये संपली. सी मायनस किंवा त्याखाली असतं तर पुन्हा घे म्हटलं असतं, कारण बरीच कॉलेजं सीच्या खालचा कोर्स धरत नाहीत. तू पुढे जा. आधी बायोकेमिस्ट्री घे. ऑरगॅनिकमध्ये अडखळलेल्या मुलीने बायोकेमिस्ट्रीत ए आणला तर जुन्या ग्रेडबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही, आणि एमकॅट या मेडिकल प्रवेशपरीक्षेलाही या विषयाचा मोठा उपयोग होतो. त्याच्याबरोबर फिजिऑलॉजी, लॅबसकट. मग सेल बायॉलॉजी, जेनेटिक्स, जमलं तर इम्युनॉलॉजी. पहिल्या सेमिस्टरला दोन कोर्स पुरे, पण दुसऱ्या सेमिस्टरला तीन-चार एकत्र घ्यावेच लागतील. एकेक विषय सवडीने घेऊन ए मिळवला तर लोंढ्याचा प्रश्न तसाच राहतो. त्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या पाळ्या कमी कराव्या लागल्या तर कर. रुग्णांजवळ घालवलेले तास तुझ्याकडे भरपूर आहेत.

हे सगळं तुझ्या राज्याच्या विद्यापीठात पदवीसाठी नाव न घालता, नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून घेता येईल. ब्रिन मॉर आणि गाउचरचे नावाजलेले पोस्ट-बॅक (पदवीनंतरच्या कोर्सचे) कार्यक्रम तू पाहत होतीस, पण ते विज्ञानाचे मूळ कोर्स न केलेल्यांसाठी आहेत. तुझे ते झालेत, तिथे अर्जाचे पैसे घालवू नकोस.

स्पेशल मास्टर्स वाईट नाही. जॉर्जटाउनसारख्या ठिकाणी मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय शिकवतात. ज्याचा पदवीचा जीपीए आता हलण्यासारखा नाही, पण जो आज पूर्ण तयार आहे, त्याला तिथे सिद्ध करून दाखवता येतं. मात्र तिथे बी मायनस आला तर पुढची दारं जवळपास बंद होतात, आणि सलग दोन सेमिस्टर तू अजून तसा भार पेललेला नाहीस. खर्चही मोठा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज मिळत नाही, आणि अशा मास्टर्ससाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर आहे. उरलेली रक्कम आईबाबांच्या खिशातून किंवा खासगी कर्जातून येणार. सुट्या कोर्सनंतरही हा मार्ग खुला राहील. तेव्हा त्या कार्यक्रमाला सरळ विचार: मागच्या तुकडीतले किती जण याच कॉलेजच्या एमडीला लागले? उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर तिथे जाऊ नकोस.

पब्लिक हेल्थ तुला मनापासून आवडत असेल तर जरूर कर, तो मोलाचा विषय आहे. केवळ या अर्जासाठी करू नकोस.

घाई एका गोष्टीची करू नकोस: यंदाच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज. अर्ज पाठवल्यानंतर मिळालेले ग्रेड एमकॅसच्या जीपीएत धरले जात नाहीत. दोन्ही सेमिस्टर पूर्ण होऊ देत, मग त्यापुढच्या जूनला अर्ज कर. तुझा ५०९ एमकॅट तोवर किती कॉलेजांत चालेल हे प्रत्येकाच्या साइटवर बघ, बहुतेक जण दोन-तीन वर्षांपर्यंतचाच स्कोअर धरतात. जुना होत असेल तर बायोकेमिस्ट्री संपताच पुन्हा दे.

रविवारपर्यंत मला विद्यापीठाच्या पुढच्या सेमिस्टरची कोर्सयादी पाठव, शिकवणाऱ्यांच्या नावांसकट. शिफारसपत्र देतील असे दोन प्राध्यापक त्यातून आधी निवडू, वेळापत्रक मग ठरवू. बाबांना हा हिशेब समजावून सांगायला मी फोन करीन.

तुझी,
मावशी