सफ्रजेटला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की कॉलेजच्या एकांकिकेत मतदानाच्या हक्कासाठी लढलेल्या इंग्लंडच्या बायका दाखवायच्यात, तर सफ्रजेटला मराठीत 'रणरागिणी' चालेल का.

भावा, रणरागिणी नको. कोल्हापुरात तो शब्द ताराराणींच्या नावावर आधीच बुक आहे, शिवाय पेपरवाले घागर मोर्चातल्या बायकांनाही रणरागिणी करून टाकतात त्यामुळे धार गेलीय त्याची. पण खरी अडचण वेगळी आहे, रणरागिणी म्हणजे कौतुक, आणि सफ्रजेट ही मुळात टिंगल होती. 'सफ्रेज' म्हणजे मताधिकार, आणि मताधिकार मागणारा तो सफ्रजिस्ट, हा सरळ शब्द. 1906 साली डेली मेलने त्याला मुद्दाम 'एट' शेपूट लावलं, सिगारचं सिगरेट होतं तेच शेपूट, म्हणजे छोटं, किरकोळ काहीतरी. आपण नाही का कवीला कवडा म्हणतो, पोरीला पोरटी, तसंच. इंग्लंडमधल्या जहाल पुढारी एमेलिन पँकहर्स्टच्या संघटनेतल्या बायकांनी मात्र ती शिवीच उचलली आणि 1912 ला स्वतःच्या पेपरचं नावच 'द सफ्रजेट' ठेवलं!

म्हणून नाटकात पोलिसाच्या तोंडी 'आल्या बघा चळवळ्या!' असं टाक. चळवळ्या म्हणजे चळवळ करणारा पण, आणि एका जागी बूड न टेकणारा पण, शब्दातच कुचकेपणा आहे. नंतर त्याच बायका 'व्हय, आम्ही चळवळ्याच' म्हणू देत, लंडनच्या बाईला कोल्हापुरी बोलायला लावलं म्हणून काय बिघडत नाही.

पण सगळ्यांना सफ्रजेट म्हणू नको हां. काचा फोडणं, जेलमध्ये उपोषण वगैरे पँकहर्स्टवाल्यांचं. मिलिसेंट फॉसेटच्या बायका अर्ज-सभा करत कायद्यात राहून लढल्या, त्यांना मताधिकारवादी म्हण. 1917 ला मद्रासला ब्रिटिश सरकारचा भारतमंत्री माँटेग्यूकडे शिष्टमंडळ नेणाऱ्या सरोजिनी नायडू, मुंबई इलाख्यात झटणाऱ्या रमाबाई रानडे, ह्यापण मताधिकारवादीच. पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांची नात सोफिया दुलीपसिंह मात्र अस्सल सफ्रजेट, 1913 ला हॅम्प्टन कोर्ट पॅलेसच्या बाहेर उभी राहून तो पेपर विकायची. तिला एक सीन देच, राजघराण्यातली बाई रस्त्यावर पेपर विकतीय म्हटल्यावर पब्लिक उचलून धरणार.

आणि शेवटी '1918 ला सगळ्या बायकांना मत मिळालं' असली घोषणा नको, तेव्हा तिशीच्या पुढच्या आणि मालमत्तेची अट बसणाऱ्यांनाच मिळालं, पुरुषांच्या बरोबरीने 21 व्या वर्षी मिळायला 1928 उजाडलं. निवेदकाला कोल्हापूर जोडायचंच असेल तर मुंबईच्या कायदेमंडळासाठी बायकांना 1921 ला हक्क मिळाला तो आपल्या आज्ज्या-पणज्यांना नव्हता, कारण कोल्हापूर तेव्हा वेगळं संस्थान होतं.

अनेकवचन 'सफ्रजेटा' करू नको, लाटा-वाटा सारखं वाटतं. सफ्रजेट बायका म्हण, झालं.