जनसुनावणीवर बहिष्कार टाकावा का?

प्रश्न : पारशिवनी तालुक्यात माझी चार एकर संत्र्याची बाग आहे. शेजारी कोल वॉशरी (कोळसा धुण्याचा कारखाना) येत आहे. जनसुनावणी १२ दिवसांवर आली आहे. पेपरात जाहिरात आली तेव्हाच १८ दिवस उरले होते. कंपनीच्या पर्यावरण आघात अहवालात ६०० मीटरवरच्या माझ्या विहिरीचा उल्लेखच नाही. गावकरी बहिष्कार टाकू म्हणतात. काय करावं?

उत्तर : भाऊ, बहिष्कार अजिबात नको. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत जनसुनावणीला गणपूर्तीची अटच नाही. मंडपात दहा डोकी असली तरी सुनावणी 'पार पडली' अशीच नोंद होते. कंपनीला आणखी काय हवं?

तुमची जमेची बाजू म्हणजे ते १८ दिवस. लोकांना किमान ३० दिवस मिळायला हवेत. जाहिरातीचं अख्खं पान जपून ठेवा, नुसतं कात्रण नको. कात्रणावर तारीख नसते, हे अशिलांना सांगून मी थकलो. मात्र एवढ्यावर वॉशरी रद्द होईल या भ्रमात राहू नका. फार तर सुनावणी पुन्हा घ्यावी लागेल.

खरं वजन विहिरीला आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद आहे का, आधी बघा. नसेल तर आजच तलाठ्याकडे जा. उतारा, फोटो आणि अंतर जोडून लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर प्रादेशिक कार्यालयात द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

सुनावणीला जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष लागतो, आणि चित्रीकरण सक्तीचं आहे. म्हणून माइकवर भाषण नको. नाव, गट नंबर, विहीर, एवढंच स्पष्ट बोला. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवतात. तोवर निम्मा मंडप जेवायला गेलेला असतो. तुम्ही थांबा, आणि विहीर आली नाही तर तिथंच उठून सांगा.

शेजारच्या छत्तीसगडमध्ये, रायगड जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीची पर्यावरण मंजुरी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१२ मध्ये रद्द केली, ती जनसुनावणी नीट न झाल्यामुळेच.

तरीही मंजुरी मिळालीच, तर न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे ३० दिवसांत अपील करा. सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळतात, पुढे दार बंद. मंजुरीची जाहिरात कंपनीला सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यावी लागते, प्रत ग्रामपंचायतीलाही जाते. ग्रामसेवकाला आत्ताच सांगून ठेवा.