दंड खरा, की कॅमेऱ्याची करामत?

प्रश्न : आमच्या फॅन ग्रुपवर एकाच सिनेमातले दोन स्क्रीनशॉट फिरतायत. एकात हिरोचे सिक्स पॅक मोजून घ्यावेत असे, दुसऱ्यात तोच सुजल्यासारखा. निम्मे म्हणतात ग्राफिक्स, निम्मे म्हणतात डाएट सुटलं. ओळखायचं कसं?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : दोन्ही पक्ष घाई करतायत. आधी चित्र ताणलेलं नाही ना, ते बघा. फ्रेममध्ये समोरून दिसणारी गोल वस्तू शोधा : चाक, भिंतीवरचं घड्याळ. ती लांबट दिसली तर तिथेच उत्तर मिळालं. जुना 4:3 चा (रुंदी 4, उंची 3) सिनेमा 16:9 च्या टीव्हीवर पडदाभर ताणून लावला, की त्यातला प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. रिमोटवरून पिक्चर साइज बदला, वजन तिथल्या तिथे उतरतं.

घड्याळ गोल असेल तर कॅमेरा किती लांब होता याचा अंदाज घ्या. ‘वाइड लेन्स (रुंद दृश्य टिपणारी) जाड करते’ असं ग्रुपवर सर्रास लिहिलं जातं, पण खरी करामत अंतराची. कॅमेरा दोन फुटांवर आला की पुढे केलेला दंड फुगतो आणि मागचं डोकं लहान होतं. तोच माणूस पंधरा फुटांवरून टेलि लेन्सने (लांबचं जवळ आणणाऱ्या) टिपला तर चेहरा सपाट आणि भरलेला वाटतो. शरीर तेच.

मग उजेड. बाजूने किंवा वरून कडक लाइट पडला की पोटावरच्या प्रत्येक खाचेत सावली बसते; समोरच्या मऊ उजेडात तेच पोट गुळगुळीत. शिवाय अंगाला तेल चोळलेलं असतं आणि शॉटच्या आधी दहा-पंधरा मिनिटं जोर काढलेले असतात. रक्त भरून स्नायू फुगतात, तासाभरात ओसरतात. खाचा आणखी उठून दिसाव्यात म्हणून काही जण पाणी पिणंच तोडतात. हे मात्र कुणी करून बघू नये. चक्कर, पेटके, मूत्रपिंडावर ताण, आणि सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उष्माघात वेगळाच.

शूटिंगचा क्रम तर फॅन लोक हमखास विसरतात. ‘दंगल’मध्ये (2016) तरुण पैलवान आधी दिसतो, पोट सुटलेला बाप नंतर. आमीर खानने शूट उलटं केलं : आधी वजन वाढवून बाप, मग ते उतरवून तरुण. तेव्हा ‘सिनेमा संपेपर्यंत सुटला’ या वाक्याला अर्थ नाही.

राहिलं ग्राफिक्स. कडेची चौकट किंवा फरशीची रेघ कमरेपाशी वाकली असेल तर फोटोत हात घातलाय, पण ही खूण पोस्टर आणि रील्सपुरती. चांगल्या सिनेमात मागची जागाही नव्याने भरलेली असते. ‘कॅप्टन अमेरिका : द फर्स्ट ॲव्हेंजर’ (2011) मधला सुरुवातीचा किडकिडीत नायक बहुतांशी संगणकावर बारीक केलेला आहे, बलदंड शरीर क्रिस एव्हान्सचं स्वतःचं. खोटं म्हणजे नेहमी पिळदारच, असं धरून चालू नका.

प्रश्न : वाढदिवसाच्या फ्लेक्सवर आमचा हिरो बेढब आला. फ्लेक्सवाला म्हणतो, फोटोच तसा होता.
– अशोक चौकातले एक चाहते

उत्तर : बहुधा उभा फोटो आडव्या 20 बाय 10 फुटांत ओढून बसवलाय. जुन्या फोटोशॉपमध्ये शिफ्ट दाबून ओढलं तर प्रमाण टिकायचं. 2019 च्या आवृत्तीपासून प्रमाण आपोआप टिकतं आणि शिफ्ट दाबली की बिघडतं. जुना हात नव्या आवृत्तीवर बसला की असे हिरो तयार होतात. फोटो आहे तसाच ठेवा, उरलेल्या जागेत मंडळाची नावं टाका. नावं कधी कमी पडत नाहीत.

प्रश्न : नवा ट्रेलर आला की ग्रुपवर नायिकेच्या पोटावर चर्चा : लग्नानंतर सुटली, की गोड बातमी? ॲडमिन म्हणून काय नियम करू?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : ट्रेलरमधला शॉट कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो, आणि बसल्यावर साडीचा घोळ पोटाशी गोळा होतोच. त्यावरून बातमी काढणं म्हणजे अंदाजाचं जोतिष. नियम एकच पुरे : पोस्ट ‘त्या बाईच्या शरीराबद्दल’ नको, ‘त्या शॉटमध्ये शरीर काय करतंय’ याबद्दल हवी. ‘जाड दिसते’ लिहिणाऱ्याला विचारा, कुठला प्रसंग? खांदे कसे आहेत, हात कुठे आहेत? आपल्या अकलूजची रिंकू राजगुरू ‘सैराट’मध्ये (2016) गावात बुलेट चालवताना कशी बसते आणि पुढे हैदराबादच्या वस्तीत कशी वावरते, हे शेजारी शेजारी ठेवून बघा. पाटलाच्या पोरीचा ताठा कुठे आणि कसा उतरतो, यावर आठवडाभर भांडता येईल. फॅनची बारीक नजर अशा जागी कामाला येते. लंगडणाऱ्या पात्राचा लंगडा पाय मध्येच बदलला तर तेही पहिल्यांदा तुम्हालाच दिसतं.

प्रश्न : नायिका हिरोपेक्षा उंच, तरी पडद्यावर बरोबरीची कशी?
– एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : पाय दिसतात का बघा. दिसत नसतील तर हिरो लाकडी पेटीवर उभा असण्याची शक्यता मोठी. तिला ‘ॲपल बॉक्स’ म्हणतात : पूर्ण पेटी 8 इंच, अर्धी 4, पाव 2 आणि सगळ्यात पातळ ‘पॅनकेक’ 1 इंच. दोघं चालत असतील तर पेट्यांवर फळ्या टाकून रस्ता करतात. नुसतं उभंच राहायचं असेल तर नायिका चप्पल काढते, गुडघे किंचित वाकवते, आणि तिचे खांदे उगाच आखडलेले दिसतात.