नवीन स्पीशीज म्हणायच्या आधी

ताळगाव

बाय,

तू पाठवलेले फोटो काल जेवण झाल्यावर सावकाश बघितले, तो लांब काट्यांचा सिस्ट, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या पाण्यातल्या एकपेशी जीवाचं सुप्तावस्थेतलं कवच, खरंच देखणा आहे आणि ''मॅडम, ही नवीन स्पीशीज असेल ना'' असं तुला का वाटलं तेही कळलं, पण एका नमुन्यावर नाव द्यायला बसू नकोस गो.

आधी दार शोध. आर्किओपाइल, म्हणजे आतली पेशी ज्या भोकातून बाहेर पडली ते. हे भोक वाटेल तिथे फाटलेलं नसतं, ठरलेल्या प्लेटच्या, म्हणजे जीवाच्या चिलखताच्या तुकड्याच्या, जागीच असतं. स्पिनिफेराइट्स या काटेरी सिस्टच्या गटात कमरपट्ट्याच्या (अंगाभोवतीच्या आडव्या खाचेच्या) वर, पाठीकडची एक प्लेट निघालेली असते. १९६१ मध्ये एव्हिट या संशोधकाने हीच गोष्ट नीट दाखवून दिली तेव्हा कुठे पटलं की हिस्ट्रिकोस्फिअर नावाच्या, ओळख न पटलेल्या गटात बाजूला काढलेले कितीतरी काटेरी गोळे डायनोफ्लॅजेलेटचेच सिस्ट आहेत. तुझ्या फोटोत दार दिसतच नाही, फोकस वरखाली करत बघ आणि हाताने चित्र काढ, काटे प्लेटच्या कोपऱ्यांवर आहेत का, टोकाला फाटे किती, हे चित्र काढतानाच डोळ्यात बसतं.

आणि काट्यांच्या लांबीवर भुलू नकोस. लिंग्युलोडिनियम मॅकेरोफोरम या एकाच स्पीशीजचे काटे पाण्याचा खारटपणा आणि तापमान बदललं की बदलतात, पाणी कमी खारट असलं की साधारणपणे आखूड राहतात. पावसाळ्यात मांडवीच्या तोंडाशी पाणी कसं पालटतं ते तू लहानपणापासून बघतेस. मी शिकत होते तेव्हा आखूड काट्यांचे एकीकडे, लांब काट्यांचे दुसरीकडे अशी दोन नावं वहीत घालून तीन महिने मोजत बसले होते, मग एका संध्याकाळी एकाच स्लाइडवर मधल्या सगळ्या लांब्या सापडल्या आणि तिथेच रडू आलं. म्हणून निदान पन्नास सिस्ट घे, प्रत्येकाचे सगळ्यात लांब तीन काटे आणि अंगाचा व्यास मोज, मगच काय ते बोलू.

सॅम्पल कसं तयार केलंय तेही लॅबमध्ये विचार. ऑक्सिडेशन किंवा अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे तीव्र रसायनांनी केलेली सफाई, झालं असेल तर प्रोटोपेरिडिनियम या डायनोफ्लॅजेलेटचे तपकिरी सिस्ट आधीच गेलेले असतात, मग ''इथे नाहीत'' असं लिहिता येत नाही. हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिडला मात्र तू एकटीने हात लावायचा नाही, वाफा ओढणारा हूड चालू आणि सोबत कोणीतरी, त्यात मी ऐकणार नाही.

समजा खरंच नवीन निघाली, तर होलोटाइप, म्हणजे नाव ज्याला बांधलेलं असतं तो, एकच नमुना असतो, त्याचा स्लाइड नंबर आणि इंग्लंड फाइंडरचं (स्लाइडवरची नेमकी जागा सांगणाऱ्या चौकटीच्या काचेचं) रीडिंग त्याच दिवशी लिहून ठेव. सिस्ट ज्यात बसवतो ती ग्लिसरीन जेली सुकली की सिस्ट हलतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते ते वेगळंच, सिलिका जेलची पुडी बदलत जा.

शनिवारी ये. फोटो नकोत, स्लाइडच घेऊन ये, दोघी मिळून दार शोधू.

तुझी मॅडम