लोकरीती, लोकनीती आणि कायदा यात नक्की फरक काय? (समाजशास्त्र, अकरावी)

व्याख्या पाठ होतात पण फरक डोक्यात शिरत नाही असं तुम्ही लिहिलंय, तर व्याख्या जरा बाजूला ठेवा. नियम मोडला तर काय होतं आणि ते कोण करतं, एवढंच बघा.

मी डोंबिवली ते सीएसएमटी लेडीज डब्याने जाते म्हणून तिथलंच सांगते. आत शिरलं की बसलेल्या बाईला विचारायचं, "ताई, कुठे उतरणार?" ती म्हणाली घाटकोपर, की लगेच पुढचा प्रश्न, "कुणी सांगितलंय का?", म्हणजे ही सीट आधीच कुणी मागून ठेवलीय का. नसेल तर ती सीट तुमची. आणि बाकडं तिघींचं असलं तरी चौथी टेकते, मग एक उठली की चौथी आत सरकते आणि उभी असलेली चौथ्या सीटवर. हे रेल्वेने कुठेही लिहून ठेवलेलं नाही. ही लोकरीती. मोडलीत तर टोमणे, तिरक्या नजरा, फार तर थोडी बाचाबाची, घाटकोपर गेलं की सगळ्या विसरल्या.

आता पोटुशी बाई समोर उभी आहे आणि तुम्ही खिडकीत बसून मोबाईल बघताय. इथे नुसता टोमणा नाही येत, सगळा डबा अंगावर येतो, कारण हे वागणं नुसतं बेशिस्त नाही तर वाईट मानलं जातं. ही लोकनीती. हा फरक समनर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1906 मध्ये मांडला. सीमारेषा मात्र पुस्तकात दिसते तेवढी ठळक नसते हं, विचारलेली सीट कुणी ढापली तर काहीजणींना ती चोरीच वाटते.

कायदा सोपा. रेल्वे कायदा 1989, कलम 137 विनातिकीट प्रवास, कलम 162 बायकांच्या डब्यात शिरणारा पुरुष. शिक्षा देणारी यंत्रणा ठरलेली, तुमची नजर वगैरे तिथे चालत नाही.

डब्यातल्या ग्रुपला समाजगट म्हणायचं का, असंही तुम्ही विचारलंय. डब्यातली गर्दी म्हणजे समाजगट नव्हे. पण रोज त्याच गाडीला, त्याच दाराशी भेटणाऱ्या, एकमेकींची डोहाळजेवणं गाडीतच उरकणाऱ्या, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरणं लावून पूजा करणाऱ्या बायका, त्या गट. त्यात गुजराती, मल्याळी, मराठी सगळ्या असतात आणि सीटचा नियम सगळ्यांना एकच, म्हणून संस्कृती म्हणजे फक्त जात-धर्म-भाषा असं पेपरात लिहू नका. ती शिकावी लागते, नवीन मुलगी आठवडाभरात शिकते, शिकवणी न लावता.

आणि गंमत म्हणजे गटाचे नियम कायद्याच्या उलटही जातात. विरार लोकलमध्ये वाटेतल्या बोरिवलीला उतरणारा चढायला लागला की रोजचे प्रवासी त्याला दारातून आत येऊ देत नाहीत, त्याच्यासाठी जवळच्या गाड्या आहेत की, असा त्यांचा हिशोब. त्यांना तो न्याय वाटतो, पण राखीव नसलेल्या डब्यात कुणाला चढायला अडवणं हा कलम 155 खाली गुन्हा आहे. परीक्षेत "प्रमाणके (म्हणजे समाजाचे असे वागण्याचे नियम) आणि कायदा यांतील संघर्ष" आला तर हेच उदाहरण टाका, पुस्तकातलं सतीप्रथेचं उदाहरण सगळेच लिहितात.