लहान मुलांना वाचून दाखवायला ज्यू चित्रपुस्तकं कुठली चांगली आहेत?

तुम्ही लिहिलंय की मुलगा ५ वर्षांचा आहे, त्याच्या वर्गातली मैत्रीण ज्यू आहे, आणि तुम्हाला स्वतःला होलोकॉस्ट (म्हणजे नाझींनी केलेलं ज्यूंचं हत्याकांड) सोडून ज्यूंबद्दल फारसं माहीत नाही, तर तिथूनच सुरुवात करावी का. माझं मत स्पष्ट आहे, नका करू. आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगी तेवढीच असताना मी पण लायब्ररीतून युद्धाची दोन पुस्तकं घेऊन आले होते, तर शेजारच्या ज्यू आजी म्हणाल्या, अगं एवढ्या लहान पोरीला आमची माणसं पहिल्यांदा भेटणार ती अशी का? मी ती तशीच परत केली.

त्याऐवजी सिम्स टॅबॅक यांचं जोसेफच्या कोटाचं पुस्तक आणा, 'जोसेफ हॅड अ लिटल ओव्हरकोट'. २००० साली त्याला कॅल्डेकॉट मेडल, म्हणजे अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा मोठा पुरस्कार, मिळालंय. जोसेफचा कोट जुना होतो, मग त्याचं जाकीट होतं, जाकिटाचं बंडीसारखं काहीतरी, मग मफलर, टाय, रुमाल, शेवटी एक बटण उरतं आणि तेही हरवतं. पानांना भोकं पाडलीयत, त्यातून पुढच्या पानावरचा तुकडा दिसतो, त्यामुळे मुलं आधीच ओरडून सांगतात आता काय होणार. मूळ एक यिद्दिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, गाणं आहे, आणि चित्रांत भिंतीवर, कोपऱ्यात बारीकसारीक ज्यू जगणं भरलेलं आहे, ते दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात दिसायला लागतं. आमच्याकडे आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, मुलगी ती अंगावर ओढून हे पुस्तक ऐकायची, तिला काही वेगळं समजावून सांगावं लागलंच नाही.

मग मार्गो झेमाक यांचं 'इट कुड ऑल्वेज बी वर्स'. एका खोलीत आई, बायको, सहा पोरं, नुसता कल्ला, म्हणून तो माणूस रब्बायकडे, म्हणजे ज्यू धर्मगुरूंकडे, जातो तर ते सांगतात कोंबड्या घरात घे, मग बकरी, मग गाय... चाळीत वाढलेल्या कुणालाही हे कळेल. आणि हनुकाच्या, म्हणजे ज्यूंच्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणाच्या, सुमारास 'हर्शेल अँड द हनुका गॉब्लिन्स' (१९८९, गोष्ट एरिक किमेल यांची, चित्रं ट्रायना शार्ट हायमन यांची), यातला हर्शेल म्हणजे यिद्दिश गोष्टींतला बिरबलच समजा. टेकडीवरच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनाघरात) आठ रात्री भुतं येतात आणि तो एकेकाला फसवतो, उकडलेलं अंडं मुठीत दाबून म्हणतो बघ मी दगड चिरडला. शेवटचं भूत जरा भीतीदायक आहे, तेव्हा रात्री झोपताना नको, दुपारी वाचा.

शोधायला सोपा मार्ग म्हणजे मुखपृष्ठावर सिडनी टेलर पुरस्काराचा गोल शिक्का आहे का बघायचं, तो अमेरिकेतल्या ज्यू ग्रंथपालांची संघटना १९६८ पासून देते. शिवाय त्या मैत्रिणीच्या घरी विचाराच, पीजे लायब्ररी म्हणून एक उपक्रम २००५ पासून आहे, ते ज्यू घरांना मुलांसाठी फुकट पुस्तकं पाठवतात, पीजे म्हणजे पजामा, म्हणजे झोपायच्या वेळची गोष्ट. त्यांच्याकडे कदाचित ढीग असेल.

आणि एक गोष्ट आपली म्हणून सांगते. पासओव्हरच्या, म्हणजे मराठी बायबलातल्या वल्हांडणाच्या सणाच्या रात्री ज्यू घरांत हग्गादा नावाचं पुस्तक वाचतात, त्यात घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं, आणि या पुस्तकात चित्रं घालायची पद्धत शेकडो वर्षांची आहे, जर्मनीत साधारण १३०० साली तयार झालेला एक हग्गादा आहे त्यात माणसांना चक्क पक्ष्यांची डोकी आहेत! तर असाच एक हग्गादा १८७४ मध्ये आपल्या पुण्यात छापला गेला, हिब्रू आणि मराठी, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांसाठी, आणि त्यातल्या एका चित्रात बायका साड्या नेसून जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करतायत. मी ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा कितीतरी वेळ बघत बसले. मुलाला जरूर दाखवा.

होलोकॉस्ट टाळा असं मी म्हणत नाहीये, फक्त नंतर. बेड्रिख फ्रिट्टा नावाच्या चित्रकाराने तेरेझिनच्या घेट्टोत, जिथे नाझींनी ज्यूंना डांबून ठेवलं होतं, आपल्या मुलासाठी, टॉमीसाठी, तिसऱ्या वाढदिवसाला चित्रांचं पुस्तक काढलं, २२ जानेवारी १९४४. मोठा होऊन काय होशील, कुठे कुठे फिरशील अशी चित्रं. एका चित्रात टॉमी सुटकेसवर उभा राहून खिडकीतून बाहेर बघतोय. त्याच वर्षी फ्रिट्टा आउशवित्झच्या छळछावणीत मरण पावले, टॉमीची आईसुद्धा वाचली नाही, पण टॉमी वाचला आणि लपवलेली चित्रंही वाचली, बाबांचे चित्रकार मित्र लिओ हास यांनी त्याला दत्तक घेतलं. माझ्या मुलीला मी हे ती १० वर्षांची झाल्यावर दाखवलं. ती आधी टॉमीचे कपडे, केक, खेळणी बघत हसत होती, मग गप्प झाली, आणि मग तिने विचारलं की बाबांनी पुढच्या वर्षीचं पुस्तक काढलं असतं का. तुमच्या मुलाला त्याला अजून चार-पाच वर्षं आहेत. आत्ता कोट आणा.